म्तुम्वाची सिती

कोडमधल्या साध्या व्हेरिएबलला नाव देताना आम्ही दहा वेळा विचार करतो. आणि झांझिबारमध्ये चक्क मुलीचं नाव 'गुलाम' ठेवायचे! हे स्वाहिली नाव म्हणजे म्तुम्वा. मूळ धातू 'तुमा', म्हणजे पाठवणे. म्तुम्वा म्हणजे जिला कुठेही, कशालाही पाठवता येतं ती. गंमत बघा, त्याच धातूपासून 'म्तुमे' होतो, आणि त्याचा अर्थ प्रेषित! (आपला 'प्रेषित' तरी काय, पाठवलेलाच की.)

१८८०च्या सुमारास फुंबा गावात एका गरीब घरात अशीच एक म्तुम्वा जन्मली. १८९७ साली गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, पण नाव काही कायद्याने पुसलं जात नाही. ती मडकी विकायची. १९११ साली शहरात आली, ताराब गाऊ लागली, आणि लोक तिला 'सिती' म्हणू लागले. हा शब्द अरबीतला, अर्थ बाईसाहेब.

१९२८ साली एचएमव्हीसाठी गायला ही सिती बिंती साद कुठे आली असेल? आपल्या मुंबईत! इतकी वर्षं मुंबईत राहून मला पत्ताच नव्हता. १९५० साली ती गेली. पुढे शाबान रॉबर्ट यांनी तिचं चरित्र लिहिलं. त्याच्या शीर्षकात नाव आहे ते सितीचं.