बोटावरच्या चिमट्याची कुळकथा

भूल दिलेल्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे ओळखायला कित्येक दशके भूल देणाऱ्याकडे स्वतःच्या डोळ्यांखेरीज फारसे काही नव्हते. ओठ पाहायचे, नखे पाहायची. निळसर दिसली की धावपळ. १९४७ साली कॉम्रो आणि बोटेल्हो या अमेरिकी संशोधकांनी या नजरेचीच परीक्षा घेतली. रक्तातला ऑक्सिजन पूर्ण क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत अनेकांना निळेपणा खात्रीने सांगता येईना. निरोगी माणसात हा आकडा ९५च्या वर असतो, आणि एकदा ९०च्या खाली गेला की फार झपाट्याने घसरतो.

टोकियोच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांना मोजायचे होते वेगळेच. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे त्यांना हवे होते. त्यासाठी शिरेत रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून ते कसे विरत जाते ते पाहायचे. पण नाडीच्या दर ठोक्याला आलेख थरथरे. ही थरथर काढून टाकायला त्यांनी दोन वेगवेगळ्या प्रकाशलहरी एकमेकींविरुद्ध तोलल्या. ती नाहीशीही झाली. मात्र रक्तातला ऑक्सिजन बदलला की पुन्हा उमटू लागली. दुसऱ्या कुणी वैतागून प्रयोग गुंडाळला असता. आओयागींना त्या बिघाडातच मोजमाप दिसले. ठोक्याबरोबर हलते ते धमनीतले रक्त. कातडी, हाड, शिरांतले रक्त जवळपास स्थिर. ऑक्सिजनने भरलेले रक्त लाल प्रकाश सहज जाऊ देते, ऑक्सिजन उतरलेले रक्त तोच शोषून घेते. अवरक्त प्रकाशाचे साधारण उलट. म्हणजे फक्त थरथरणारा भाग घ्यायचा, दोन्ही लहरींचे गुणोत्तर काढायचे, की थेंबभर रक्तही न काढता उत्तर मिळते.

मार्च १९७४मध्ये कंपनीने पेटंटचा अर्ज केला. कॅमेरे बनवणाऱ्या मिनोल्टाचा तशाच कल्पनेचा अर्ज पुढच्याच महिन्यात आला! निहोन कोहदेनने मात्र पुढे या यंत्राचा फारसा पाठपुरावा केला नाही.

ते ऑपरेशन थिएटरमध्ये रुळले अमेरिकेत. विल्यम न्यू हे स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ. त्यांच्या नेलकॉर कंपनीने १९८३मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात दर ठोक्याला एक सूर वाजे, आणि ऑक्सिजन घसरला की तो सूरही खाली उतरे. डोळे रुग्णावर, हात श्वासाच्या नळीवर, आणि आकडा कानात. भूल देणाऱ्याची गरज याहून नेमकी क्वचितच कुणी ओळखली असेल. १९९०पर्यंत अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने हा बोटावरचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, आवश्यक ठरवला.

जगातल्या अनेक गरीब भागांत तो पोहोचलाच नव्हता. २००७मध्ये युगांडातले एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. तिथे भूल देणारे बहुतेक जण डॉक्टर नसतात. त्या कामाचे वेगळे शिक्षण घेतलेले अधिकारी असतात. प्रौढ रुग्णाला सुरक्षित भूल देण्याइतकी साधने त्यांतल्या २३ टक्क्यांकडेच होती. सिझेरियनसाठी लागणारी साधने अवघ्या ६ टक्क्यांकडे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१०साली आलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७७,७०० थिएटरांत ऑक्सिमीटर नव्हता.

त्याआधी, २००८मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी काढली होती. त्यात ऑक्सिमीटर लावलेला आणि चालू आहे का, हा एक मुद्दा होता. या कामाचे नेतृत्व बॉस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. यादीत खूण करायची तर यंत्र हवे. म्हणून २०११मध्ये भूलतज्ज्ञांची जागतिक संघटना आणि इतर संस्थांना सोबत घेऊन ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली. वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा, हातातून पडला तरी टिकणारा, सूर स्पष्ट ऐकू येणारा ऑक्सिमीटर सुमारे २५० डॉलरांत द्यायचा, असे ठरले.

लाइफबॉक्सचा शहाणपणा खरा दिसतो तो पुढे. गरीब देशांतल्या रुग्णालयांतली सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे बंद पडलेली असतात, असे २०११च्या एका पाहणीत आढळले होते. म्हणून इथे यंत्र आणि शिकवणी एकत्रच दिली गेली. सूर उतरला की आधी पूर्ण ऑक्सिजन द्यायचा, मग क्रमाने शोधायचे: श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण कसे आहे, औषधाचा परिणाम आहे का, आणि सर्वांत शेवटी, यंत्रच बिघडले आहे का. हा शेवटचा क्रम फार महत्त्वाचा. घाबरलेला माणूस आधी चिमट्याला दोष देतो, आणि तेवढ्यात रुग्णाची मिनिटे जातात. गार पडलेली बोटे, नेलपॉलिश, हलणारा हात आकडा कसा चुकवतात, हेही शिकवले जाते.

एप्रिल २०२०मध्ये आओयागी वारले, तेव्हा कोविड त्यांचे यंत्र घरोघरी नेऊ लागला होता. महाराष्ट्रात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ते घेऊन दारोदार फिरल्या. डिसेंबरात मात्र अमेरिकेतून एक अस्वस्थ करणारा अभ्यास आला: ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. कंपाला, अदिस अबाबा किंवा गडचिरोलीच्या थिएटरात टेबलावर येणारे जवळपास सगळे रुग्ण सावळे किंवा काळेच असतात. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा मांडला. त्यात रुग्णालयात वापरायचा ऑक्सिमीटर १५० किंवा अधिक जणांवर, कातडीच्या सर्व छटांवर तपासण्याची शिफारस आहे. आओयागींच्या पेटंटच्या अर्जाला तेव्हा पन्नास वर्षे उलटून गेली होती.