थंड शिवार कोणाचं?

२३ जुलै १९७२ ला अमेरिकेने एक उपग्रह सोडला. त्यालाच पुढे लँडसॅट-१ म्हणू लागले. शेतजमिनीवर आकाशातून नजर ठेवण्याचं काम तिथून सुरू झालं. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि आपली आई-आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यासारखा.

आधी दिसायचं फक्त पीक. १९८२ च्या लँडसॅट-४ पासून जमिनीची उष्णताही नीट मोजता येऊ लागली. २००२ मध्ये गेलेला अ‍ॅक्वा उपग्रह तर वर्षानुवर्षं दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हात, डोक्यावरून जात राहिला. या नोंदी सांगतात की उन्हाळ्यात ओलिताचं शिवार शेजारच्या कोरडवाहू रानापेक्षा थंड असतं. कारण साधं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते.

मग प्रश्न असा की हे पाणी कोणाच्या रानात गेलं? नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी १८८० च्या दशकात काढला तो दुष्काळनिवारणाच्या नावाने. पुढे त्यावर ऊस उभा राहिला. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना निघाला. ज्याची जमीन, त्याचंच पाणी. आणि जमीन आपल्याकडे होती कुठे? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात मोठी मागणी पडीक जमिनीची होती. पडीक म्हणजे बहुतेक वेळा पाणी नसलेली, तापणारी जमीन.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात पाटबंधारे त्यांच्याकडे होते, दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पुढे नेली. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) मध्ये तर त्यांनी मांडलं की शेतजमीन सरकारच्या मालकीची असावी, जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी आणि पाणी, बैल, अवजारं, खत, बी सरकारने पुरवावं. आपण पुतळ्यापुढे फुलं वाहतो, हे पान मात्र उघडत नाही.

थंडाव्याची गोष्ट इथे संपत नाही. २०२० मध्ये आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी दाखवलं की सिंचनाने जमीन थंड होते, पण हवेतला दमटपणा वाढून माणसाला जाणवणारा उष्म्याचा ताण वाढतो. उत्तरेच्या गंगेकाठच्या मैदानात हे ठळक दिसतं. उपग्रहाला रानाचा पृष्ठभाग दिसतो. त्या रानात वाकून खुरपणाऱ्या बाईचा न वाळणारा घाम त्याला दिसत नाही. मालकाचं पीक गारव्यात, मजूर वाफेत. उन्हाचे इशारे फक्त पाऱ्यावर द्यायचे आणि दमटपणा मोजायचाच नाही, हे म्हणून शेतमजुरावर अन्यायाचं आहे.

लँडसॅटची चित्रं २००८ पासून फुकट मिळतात. आपल्या अभ्यासू पोरांनी आपल्या तालुक्याचा उन्हाळी नकाशा उतरवून त्याशेजारी सातबारे ठेवावेत. सातबाऱ्यावर जात लिहिलेली नसते, पण आडनावं असतात.