'नाइस' मूळचा कोण?

काही वर्षांपूर्वी एका जुन्या इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद तपासायला माझ्याकडे आला होता. भाषा ओघवती होती, पानं भराभर उलटत होते. मग एका ओळीवर थबकले. लेखकाने दोन कायद्यांमधला 'छान फरक' दाखवून दिला, असं तिथे लिहिलं होतं. मूळ काढून पाहिलं, तर तिथे 'नाइस' होतं. अनुवादकाला बोल कसा लावणार? नाइस म्हणजे छान, हे आपण शाळेत घोकून घेतलेलं असतं. त्या निबंधातला नाइस मात्र वेगळा होता. तो म्हणजे केसाएवढा, बारकाईने न्याहाळल्याशिवाय न दिसणारा. त्या दिवशी या शब्दाचं कूळ शोधायला बसले आणि थेट लॅटिनपर्यंत जाऊन पोचले.

लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणं. त्याच्यामागे नकाराचा 'ने' लागून 'नेस्किउस' झाला. हा 'ने' आपल्या 'न'चा सख्खा भाऊबंद. नेस्किउस म्हणजे न जाणणारा, अज्ञ. 'सायन्स' हा शब्द याच 'स्कीरे'च्या पोटचा. म्हणजे ज्ञानाचं भारदस्त नाव आणि अज्ञानाचं हे विशेषण एकाच घरातली भावंडं. जुन्या फ्रेंचमध्ये नेस्किउसची अक्षरं झिजली, तो 'नीस' झाला आणि भोळसट, खुळा, बावळट या अर्थांनी वावरू लागला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची फ्रेंच इंग्रजीत झिरपत राहिली आणि 1300 च्या सुमारास हा शब्दही इंग्रजीत रुळला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर एखाद्याला नाइस म्हणतो, तेव्हा तो त्याला मूर्ख ठरवत असतो.

पुढची तीन शतकं या शब्दाने जे रंग बदलले, ते पाहून मी चकित झाले. मूर्खपणातून तो उधळेपणाकडे, छचोरपणाकडे गेला. भपकेबाज कपडे घालणारा नाइस, नखरेल नाइस. मग उलट टोकाला जाऊन लाजरा, आढेवेढे घेणारा तोही नाइस. तिथून नाकं मुरडणारा, आणि नाकं मुरडणाऱ्याच्या शेजारीच उभा असलेला चोखंदळ. चोखंदळ माणसाची नजर बारीक असते, म्हणून सूक्ष्म, काटेकोर, अचूक हे अर्थही आले. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओपर्यंत न पोचलेल्या त्या पत्राबद्दल पाद्री बोलतो, तेव्हा नाइस म्हणजे क्षुल्लक. त्या पत्रातला मजकूर तसा नव्हता, हे त्याला सांगायचं असतं. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'सारख्या कोशानेही कबूल केलंय की, त्या काळच्या अनेक वाक्यांत लिहिणाऱ्याला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे.

मग यातून 'छान' कसा निघाला? मला वाटतं, जेवणाचं ताट डोळ्यांसमोर आणलं की हे उमगतं. ज्याची जीभ चोखंदळ, तो जेवणारा नाइस. त्या जिभेला पसंत पडेल असा निगुतीने केलेला पदार्थ, तोही नाइस. एकदा विशेषण माणसावरून ताटातल्या पदार्थावर उतरलं की चोखंदळपणा मागे पडतो आणि उरते ती नुसती रुची. आपल्या 'नाजूक'कडे पाहा. हा फारसीतून आलेला शब्द आपण बोटांना लावतो, प्रकृतीला लावतो आणि जपून हाताळायच्या प्रश्नालाही लावतो. या तीन वापरांत जेवढं अंतर आहे, तेवढ्याच अंतरावर नाइसचे मधले अर्थ एकमेकांशेजारी नांदत होते.

अठराव्या शतकात ही घसरण वेगाने झाली. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात या शब्दाचा भर अजून काटेकोरपणावर आणि नाजूकपणावर आहे. पण शतक संपेपर्यंत बोलण्यात 'छान' सर्रास झाला होता. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी कॅथरिनला यावरूनच छेडतो. तिने एका कादंबरीला नाइस म्हटलेलं असतं. तो म्हणतो, आजकाल दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुली नाइस. पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांसाठीच असेल बहुधा. लेखिका गेल्यानंतर, 1817 च्या डिसेंबरमध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. टिल्नीला हा शब्द मूळचा सभ्य वाटतो. चारशे वर्षं मागे गेला असता, तर त्याला तिथे बावळट भेटला असता.

पुढे 1926 मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर या व्याकरणकाराने या ऱ्हासाचं खापर स्त्रियांच्या माथी फोडलं. त्यांच्या लाडामुळे शब्दाचं स्वत्व गेलं, असं त्याचं म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही. ज्या शब्दाचे दहा अर्थ एकाच वेळी बाजारात आहेत, तो कोणीही वापरला तरी बोथट होणारच. ऐकणाऱ्याला नक्की कळतं ते इतकंच की बोलणाऱ्याला ही गोष्ट पसंत आहे.

याच रस्त्यावरून उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे 'सिली'. जुन्या इंग्रजीत 'सेलिग' म्हणजे धन्य, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये 'झेलिग'चा तो अर्थ आजही टिकून आहे. इंग्रजीत धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा आणि अखेर मूर्ख. 'भोळा' शब्द आपण भक्तालाही लावतो आणि फसलेल्या गिऱ्हाइकालाही, तेव्हा ही उतरण आपल्याला परकी नाही. संस्कृतातला 'राग' रंगाचा आणि प्रेमाचा. मराठीत तो संतापाचा झाला. 'शिक्षा' विद्येची होती, ती दंडाची झाली. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न. आपण तिची थट्टा केली.

नाइसच्या बाबतीत मला हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. अर्थाच्या दोन छटांमधला अतिसूक्ष्म फरक सांगायला इंग्रजीकडे जो नेमका शब्द होता, तो हाच. 'नाइसिटी' या नामात ती धार अजून शिल्लक आहे. बारकावा हा त्याचा अर्थ. पण विशेषण स्वतः आता साडीलाही चालतं, हवेलाही आणि शेजाऱ्यालाही.

त्या अनुवादातला 'छान' मी खोडला. आधी 'सूक्ष्म' लिहून पाहिलं. पण सूक्ष्म हा फरकाचा गुण झाला, पाहणाऱ्याचे कष्ट त्यात आले नाहीत. 'नाजूक' लिहिलं, तर तो फरक हात लावताच मोडेल असं वाटू लागलं. शेवटी समासात लिहिलं, 'बारकाईने पाहिल्यावरच दिसणारा फरक'. एका शब्दाच्या जागी तीन.