कोडाक्रोमची अखेर : एका पारदर्शिका-फिल्मचा इतिहास आणि छायाचित्रकारांसमोरील पेच (१९३५-२०१०)

प्रस्तावना :

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या जन्मकथा विपुल आढळतात. मात्र एखादे तंत्र नाहीसे कसे होते, याची नोंद त्या मानाने क्वचितच घेतली जाते. नवे यंत्र बाजारात येते तेव्हा समारंभ होतो, ते बंद होते तेव्हा बहुधा फक्त कंपनीच्या हिशेबवहीतील एक ओळ खोडली जाते. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीची 'कोडाक्रोम' ही रंगीत पारदर्शिका-फिल्म या बाबतीत अपवाद ठरली. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या या फिल्मचे उत्पादन थांबवीत असल्याची घोषणा कंपनीने २२ जून २००९ रोजी केली आणि तिचे संस्करण करणाऱ्या जगातील अखेरच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर नवे रोल स्वीकारणे बंद केले. या दोन तारखांच्या मधील दीड वर्ष आणि त्याआधीची अनिश्चिततेची काही वर्षे छायाचित्रकारांनी कशी घालवली, तसेच एवढ्या मोठ्या जिव्हाळ्यानंतरही ही फिल्म का वाचू शकली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारदर्शिका, म्हणजेच सर्वसामान्यांच्या भाषेत 'स्लाइड', हा प्रकार आता जवळजवळ विस्मृतीत गेला असल्याने थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. निगेटिव्ह फिल्मवर प्रतिमा उलटी उमटते आणि कागदावर प्रत काढताना उजेड, रंग, छटा यांत दुरुस्तीला वाव राहतो. पारदर्शिकेत तसे नसते. कॅमेऱ्यात जी फिल्म असते, तीच संस्करणानंतर अंतिम चित्र बनते. ती चौकटीत बसवून प्रोजेक्टरने पडद्यावर पाहिली जाते. प्रकाशाचा अंदाज किंचित चुकला, तरी ती चूक चित्रात कायमची राहते. त्यामुळे पारदर्शिकेवर काम करणारा छायाचित्रकार वर्षानुवर्षे एकाच फिल्मचा स्वभाव ओळखत जातो. सावली किती गडद होईल, लाल रंग कितपत उठून दिसेल, हे त्याला डोळ्यांनीच कळू लागते. ती फिल्म बंद होणे म्हणजे त्याच्या दृष्टीने निव्वळ एका मालाचा तुटवडा नसतो. अंगी मुरलेले ज्ञानच निरुपयोगी होते. कोडाक्रोमविषयीच्या हळहळीला पुष्कळांनी केवळ स्मरणरंजन मानले, ते योग्य नाही.

दोन संगीतकारांचा शोध :

कोडाक्रोमचे जनक लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की (धाकटे) हे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते. मॅनेस पियानोवादक, तर गोडोव्स्की व्हायोलिनवादक. शाळकरी वयात पाहिलेल्या एका रंगीत चित्रपटातील रंग इतके सुमार होते की, आपण याहून चांगले काही करू शकतो, असे या दोघांना वाटले आणि घरातील स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचीच त्यांनी प्रयोगशाळा केली. अंधारात घड्याळ पाहणे शक्य नसल्याने ब्राम्सच्या सिंफनीतील एक भाग ठरावीक लयीत शिटीवर म्हणत ते रसायनांची वेळ मोजत असत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. संगीतकाराची लय अशीही उपयोगी पडते! कोडॅकच्या संशोधन विभागाचे प्रमुख सी. ई. के. मीस यांनी १९३० मध्ये त्यांना रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत आणले. १९३५ मध्ये १६ मि. मी. चलत्चित्रासाठी आणि १९३६ मध्ये स्थिर छायाचित्रांसाठी कोडाक्रोम विक्रीस आली. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवर कोटी करून 'देव आणि माणूस' यांनी मिळून ही फिल्म घडविली, असे इंग्रजी भाषक गमतीने म्हणत.

या फिल्मची रचनाच तिच्या पुढील भवितव्याचे कारण ठरली, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नसतात. तिच्यात लाल, हिरवा व निळा प्रकाश वेगवेगळा नोंदविणारे तीन अतिशय पातळ, मूलतः कृष्णधवल थर असतात. रंग येतो तो संस्करणाच्या वेळी. प्रथम साध्या विकासकात कृष्णधवल प्रतिमा उमटते. मग फिल्मला लाल प्रकाश देऊन एका थरात निळसर-हिरवे रंगद्रव्य, निळा प्रकाश देऊन दुसऱ्यात पिवळे आणि अखेर रासायनिक क्रियेने तिसऱ्यात किरमिजी रंगद्रव्य निर्माण केले जाते. शेवटी चांदी काढून टाकली जाते. तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र विकासक, मोठी यंत्रे, तापमानावर काटेकोर नियंत्रण आणि रसायनांची सतत चाचणी करणारा जाणकार, एवढा संसार मांडल्याशिवाय एकही रोल धुता येत नसे.

जर्मनीतील आग्फा कंपनीने १९३६ मध्ये, आणि पुढे स्वतः कोडॅकने १९४६ मध्ये 'एक्टाक्रोम'च्या रूपाने दुसरा मार्ग स्वीकारला. या फिल्ममध्ये रंग निर्माण करणारी द्रव्ये आधीच थरांत मिसळलेली असल्याने तिचे संस्करण लहान प्रयोगशाळेत, इतकेच काय घरीही करता येई. कोडाक्रोमला ते कधीच शक्य झाले नाही. मात्र रंगद्रव्ये थरांत नसल्यामुळेच तिचे थर पातळ, चित्र अधिक रेखीव आणि अंधारात ठेवल्यास रंग कमालीचे टिकाऊ राहिले. हेन्री विल्हेल्म यांनी केलेल्या चाचण्यांनुसार तिच्यातील सर्वांत दुर्बल असलेल्या पिवळ्या रंगाचा पाचवा हिस्सा उडण्यासही अंधारात सुमारे १८५ वर्षे लागावीत. (प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यासमोर मात्र हेच रंग इतर काही फिल्मपेक्षा लवकर फिकट होत, हेही सांगितले पाहिजे.)

सत्ता आणि प्रसार :

प्रारंभी अमेरिकेत फिल्मच्या किमतीतच संस्करणाचा खर्च धरलेला असे. ग्राहकाने रोल कोडॅककडे पाठवावा आणि तयार पारदर्शिका टपालाने परत मिळवाव्यात, अशी पद्धत होती. १९५४ मध्ये अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे कोडॅकला विक्री व संस्करण वेगळे करावे लागले आणि इतर प्रयोगशाळांना तंत्राचा परवाना द्यावा लागला. तरीही एवढे अवघड काम पत्करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच राहिल्या.

विसाव्या शतकाच्या रंगीत स्मृतीचा मोठा भाग या फिल्मवर साठला आहे. १९३९ ते १९४४ या काळात अमेरिकी सरकारच्या छायाचित्रण विभागांनी टिपलेली ग्रामीण जीवनाची आणि युद्धकालीन कारखान्यांची सुमारे १,६०० रंगीत चित्रे, २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरी यांनी टिपलेले तेनसिंग नोर्गे यांचे छायाचित्र, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडी यांच्या हत्येच्या क्षणी अब्राहम झाप्रुडर यांच्या ८ मि. मी. कॅमेऱ्यात उतरलेल्या ४८६ चौकटी, ही सारी कोडाक्रोमची देणगी होय. स्टीव्ह मॅककरी यांनी डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळील निर्वासितांच्या छावणीत टिपलेली, जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगीही याच फिल्मवरची. भारतापुरते बोलायचे तर रघुबीर सिंह (१९४२-१९९९) यांचे नाव घ्यावे लागते. भारतीय दृष्टी मूलतः रंगाची आहे, अशी त्यांची आग्रही भूमिका होती. जयपूरपासून मुंबईपर्यंतच्या रस्त्यांवर ती भूमिका त्यांनी कृतीत आणली त्यात कोडाक्रोमचा वाटा होता.

उतरण :

१९९० मध्ये जपानच्या फुजी कंपनीने 'वेल्विया' ही पारदर्शिका-फिल्म बाजारात आणली. तिचे गडद, रसरशीत हिरवे-निळे रंग निसर्ग-छायाचित्रकारांना भावले आणि तिचे संस्करण बहुतेक शहरांतील व्यावसायिक प्रयोगशाळांत काही तासांत होई. कोडाक्रोमचा रोल मात्र टपालाने पाठवून वाट पाहत बसावे लागे. संपादकांची घाई आणि टपालाचा वेग यांचा मेळ बसेना. पुढे डिजिटल कॅमेरा आला. २००२ च्या सुमारास २५ संवेदनक्षमतेची कोडाक्रोम बंद झाली, २००५ मध्ये सुपर ८ चलत्चित्राची, २००६ मध्ये २०० संवेदनक्षमतेची. उरली ती फक्त कोडाक्रोम ६४. २००६ मध्येच स्वित्झर्लंडमधील लोझान येथील कोडॅकची प्रयोगशाळा बंद झाली आणि जगात कोठेही, मग ते न्यूयॉर्क असो वा राजस्थानातील वाळवंट, टिपलेला प्रत्येक रोल कॅन्सस राज्यातील पार्सन्स या छोट्या शहरी, 'ड्वेन्स फोटो' या कौटुंबिक मालकीच्या प्रयोगशाळेकडे रवाना होऊ लागला.

या टप्प्यावर छायाचित्रकारांसमोर उभा राहिलेला पेच विलक्षण होता. रोल विकत घेऊन शीतकपाटात साठविणे, हा अशा वेळी नेहमीचा उपाय. थंडीत फिल्म अनेक वर्षे टिकते आणि बंद पडलेल्या कित्येक फिल्म या मार्गाने दीर्घकाळ वापरल्या गेल्या आहेत. कोडाक्रोमच्या बाबतीत मात्र साठा व्यर्थ होता, कारण फिल्मपेक्षा तिच्या रसायनांचे आयुष्य कमी ठरणार होते. पार्सन्स येथील यंत्र चालते ठेवायचे तर रोज पुरेसे रोल यायला हवेत. म्हणजे फिल्म जपून ठेवणारा नकळत तिचाच घात करीत होता. दुसरीकडे, एकेक रोल आजच वापरून टाकावा तर उद्यासाठी काय उरणार, हा प्रश्न होताच. विनंतिपत्रे लिहिली गेली, कंपनीला आर्जवे केली गेली. परंतु घोषणेच्या वेळी कोडॅकच्या स्थिर छायाचित्रणाच्या एकूण फिल्म-विक्रीत कोडाक्रोमचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता आणि कंपनीचे सुमारे ७० टक्के उत्पन्न डिजिटल व्यवसायातून येत होते.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. कोडाक्रोमचा त्याग प्रथम कंपनीने केला नाही. तो छायाचित्रकारांनीच केला. जे शोक करीत होते, त्यांपैकी अनेकांनी वेल्विया वा डिजिटल कॅमेरा कधीच हाती घेतला होता. ज्यांच्या संग्रहात सुमारे ८ लाख कोडाक्रोम चौकटी आहेत असे सांगितले जाते, ते मॅककरीही तोवर बहुतांशी डिजिटलकडे वळले होते. फुजीशी तुलना केली म्हणजे चित्र स्पष्ट होते. कच्च्या मालाच्या अडचणीमुळे फुजीने २००५ मध्ये मूळ वेल्विया ५० बंद करण्याचे जाहीर केले. पण छायाचित्रकारांच्या मागणीमुळे २००७ मध्ये ती नव्या रूपात परत आली. एक्टाक्रोमही २०१२-१३ मध्ये बंद होऊन २०१८ मध्ये पुन्हा अवतरली. या दोन्ही फिल्म ज्या रसायनांत धुतल्या जातात ती सामाईक आहेत. एक फिल्म गेली तरी दुसरीमुळे प्रयोगशाळा चालू राहतात. कोडाक्रोमला असे भावंड नव्हते.

अखेरचा रोल :

उत्पादनाच्या शेवटच्या फेरीतील अखेरचा ३६ चौकटींचा रोल कोडॅकने मॅककरी यांच्या हाती सोपविला. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट डी नीरो यांच्यापासून सुरुवात करून ते भारतात आले. मुंबईत त्यांनी अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास, शेखर कपूर यांची, तर राजस्थानात रबारी समाजातील लोकांची छायाचित्रे घेतली. इस्तंबूलमध्ये वयोवृद्ध छायाचित्रकार आरा ग्यूलर यांना टिपले आणि अखेरच्या चौकटी पार्सन्स येथे, तेथील दफनभूमीसह, पूर्ण केल्या. जुलै २०१० मध्ये त्याच गावी हा रोल धुतला गेला व त्या पारदर्शिका रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आल्या. ज्याने लाखो चौकटी खर्च केल्या, त्याला ३६ मोजून वापरायच्या होत्या. त्यामुळे निवडीत उत्स्फूर्ततेपेक्षा सावधपणा अधिक जाणवतो आणि ही चित्रे त्यांच्या उत्कृष्ट कामात गणता येणार नाहीत, हे मान्य करावे लागेल.

डिसेंबर २०१० च्या अखेरच्या दिवसांत पार्सन्समध्ये पार्सलांचा पूर लोटला. काही जण दूरदेशाहून स्वतः रोल घेऊन आले. एका रेल्वे कर्मचाऱ्याने दीड हजारांहून अधिक रोल गाडीत भरून आणले आणि त्यांच्या संस्करणासाठी सुमारे १६ हजार डॉलर मोजले. ३० डिसेंबरपर्यंत पोहोचलेले रोल धुऊन होईतो जानेवारी उजाडला. १८ जानेवारी २०११ रोजी यंत्र थांबले. अखेरचा रोल प्रयोगशाळेचे मालक ड्वेन स्टाइनल यांचा होता. सुमारे एका वर्षाने, १९ जानेवारी २०१२ रोजी, ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज केला.

इतिहासकाराच्या दृष्टीने कोडाक्रोमची आणखी एक उपयुक्तता उरते. कोडॅकच्या प्रयोगशाळेतून परतलेल्या पारदर्शिकांच्या पुठ्ठ्याच्या चौकटींवर अनेकदा संस्करणाचा महिना व वर्ष छापलेले आढळते. मागे काहीही न लिहिलेल्या कौटुंबिक चित्रांचा काळ ठरविताना हा शिक्का मोलाचा ठरतो. अर्थात तो रोल धुतल्याचा दिनांक असतो, चित्र टिपल्याचा नव्हे, आणि दिवाळीत भरलेला रोल पुढच्या उन्हाळ्यात धुवायला जाणे अशक्य नव्हते. जुन्या कपाटांतून, कॅमेऱ्यांच्या पोटातून न धुतलेले कोडाक्रोमचे रोल अजूनही अधूनमधून निघतात. त्यांच्यावर आता सर्वसाधारणपणे कृष्णधवल संस्करणच करता येते. चेहरे, घरे, माणसांची दाटी त्यात उमटते. रंग मात्र उमटत नाहीत, कारण ते त्या फिल्ममध्ये कधी घातलेलेच नव्हते.