इंदापूर-बारामतीकडील दुष्काळी मजुरी (इ. स. १८७६-७७)

नीरेच्या डाव्या कालव्याचें काम १८७६ च्या दुष्काळांत सुरू झालें, हें सर्वश्रुत आहे. इंदापूर तालुका व त्या काळीं भीमथडींत मोडणारी बारामती यांस पाणी देणारा तो हाच कालवा. त्या दुष्काळांतील कामांवरचा पैसा मजुरी समजावी कीं धर्मादाय, याचा येथें विचार करावयाचा आहे.

आरंभीं धडधाकट पुरुषास रोज २ आणे मिळत. धान्य महागल्यावर १ पौंड धान्याची किंमत व वर १ आणा असा फिरता दर ठरला. पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे. पक्क्या अर्ध्या शेराहून किंचित् कमी. १८७७ च्या जानेवारींत दर उतरले. एका पौंडावर मजुराचा निभाव लागतो, असें सर रिचर्ड टेंपल यांचें मत होतें. हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें सरकारापुढें मांडलें. आमच्या मतें वादाचें मूळ हें कीं, सरकारनें जीव जगविण्याचें मान धरलें. खोदकामाच्या श्रमाचें मोल धरलें नाहीं.

किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला. तरी दुष्काळी कामास तो लागू कीं नाहीं, हा प्रश्न उरलाच. राजस्थानांतील एका खटल्यांत १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, दुष्काळी कामावरही किमान वेतनाहून कमी देणें ही वेठच होय.

संग्राहकांस विनंती कीं, त्या सालचे हजेरीपट हातीं आल्यास नुसते आणे वाचूं नयेत. शेजारीं त्या दिवसाची धारण मांडावी. एरवीं दोन आण्यांचा अर्थ लागत नाहीं.