हत्तीरोगाचा कृमी आणि पॅट्रिक मॅन्सन

मानवी रक्तातील सूक्ष्मकृमी टिमोथी लुइस याने १८७२ साली कलकत्त्यात पाहिले; परंतु ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात, हा प्रश्न अनुत्तरितच होता. चीनमधील अमॉय बंदरात जकात खात्याचा वैद्यकीय अधिकारी असलेल्या पॅट्रिक मॅन्सनने (१८४४–१९२२) त्यात हात घातला. १८७७ साली त्याने रक्तात कृमी असलेल्या माणसास डास चावू दिले व नंतर ते डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. डासाच्या देहात कृमींची वाढ होते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

अनुमानात मात्र तो चुकला. डास एकदाच रक्त पितो व अंडी घालून पाण्यात मरतो, अशी त्याची समजूत होती. सबब ते पाणी पिणाऱ्यास कृमींची बाधा होते, असे त्याने मानले. १९०० साली जॉर्ज कार्मायकल लो याने डासाच्या सोंडेतच कृमी दाखविले आणि या मताचे निरसन झाले.

तथापि डासात मानवी रोगाचे मूळ शोधण्याची दृष्टी मॅन्सनचीच होय. त्याच्याच प्रेरणेने रोनाल्ड रॉस हिवतापाच्या संशोधनाकडे वळला आणि १८९७ साली सिकंदराबादेस त्याला डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले.