नर्मदा-परिक्रमेची वाट : एक इतिहाससाधन

राजमार्गांचा इतिहास ताम्रपट, जकातीची दप्तरे व लष्करी नकाशे यांवरून पुष्कळसा उभा करता येतो. नर्मदा-परिक्रमेची वाट मात्र कोणा राजाने बांधविलेली नाही. ती एका नियमातून निघाली. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची आणि तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, हा तो नियम. अमरकंटकाहून दक्षिण तटाने निघालेला परिक्रमावासी, सुमारे १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीची सोबत करीत समुद्रापाशी येतो, विमलेश्वराहून नावेने मिठी तलाईस उतरतो व उत्तर तटाने परततो. वाट नदीला बिलगून राहिली ती या नियमामुळे. म्हणूनच परिक्रमेची वर्णने ही तटावरील वस्तीची साधनेही ठरतात.

या वर्णनांत शूलपाणीच्या झाडीचा भाग सर्वांत मोलाचा आणि सर्वांत एकांगी आहे. तेथील भिल्ल यात्रेकरूंस लुटीत. लुटणाऱ्यास ‘मामा’ म्हणण्याची रीत होती. ही लूट म्हणजे मैयेने घेतलेली वैराग्याची परीक्षा, असा अर्थ भाविकांनी लाविला. तो त्यांच्यापुरता ठीक; अभ्यासकाने मात्र काय लुटले गेले ते पाहावे. कांबळे, भांडी, शिधा, अंगावरचे कपडे! वैराग्याच्या या कथेत डोंगरातील दारिद्र्याची नोंद नकळत होऊन गेली आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे परिक्रमा मराठी वाचकांच्या घरात पोहोचली, लुटणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले असे पुस्तक मात्र आपल्या परिचयाचे नाही.

आता ती झाडीच पुष्कळशी पाण्याखाली आहे. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ मध्ये बसली, १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. त्याचा जलाशय सुमारे २१४ किलोमीटर लांब आहे. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. शूलपाणेश्वराचे जुने देवालय बुडाले व नवे गुजरातेत गोरा येथे उभारण्यात आले. अमृतलाल वेगड १९७७ मध्ये चालू लागले, तेव्हा या पट्ट्यातील जुनी वाट अद्याप पायांखाली होती.

नियम मात्र मोडला नाही. काही परिक्रमावासी धडगावच्या डोंगरांतून जातात. पुष्कळ जण शहाद्याकडील सडकेने वळसा घेतात. नदी उजव्या हातासच असते, परंतु कित्येक दिवस दृष्टीस पडत नाही. आणि नर्मदेच्या परिक्रमेतील एक मुक्काम प्रकाशे येथे, तापीच्या काठी होतो.